डेव्ह गॅलहर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंड आणि फ्रान्स यांच्या रग्बी कसोटीनंतर विजेत्या कर्णधाराच्या हातात जो चषक येतो, त्यावर डेव्ह गॅलहरचं नाव आहे. समालोचक सांगतात, ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाचा जुना कर्णधार, पहिल्या महायुद्धात मारला गेला. मग जाहिराती सुरू होतात. त्यापुढचं ज्यांना जाणून घ्यायचं असतं त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. गॅलहरबद्दल ऐकीव गोष्टी फार आहेत, त्यामुळे काही उत्तरांची सुरुवात ‘नाही, तसं नव्हतं’ अशी करावी लागली आहे.

थोडक्यात सांगा, कोण होता हा?

१९०५-०६ मध्ये ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या न्यूझीलंड संघाचा कर्णधार. हाच संघ पुढे ‘ओरिजिनल्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला. गॅलहर न्यूझीलंडसाठी एकूण ३६ सामने खेळला, त्यात ६ कसोटी. खेळणं थांबल्यावर प्रशिक्षक आणि निवड समितीचा सदस्य झाला. ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममध्ये लढाईत जखमी होऊन त्याच दिवशी गेला.

तो आयरिश होता की न्यूझीलंडचा?

जन्म आयर्लंडचा, डोनेगल परगण्यातल्या रामेल्टन गावचा. वडील दुकानदार होते आणि आईपेक्षा वयानं खूप मोठे. १८७८ साली हे कुटुंब ‘लेडी जोसेलिन’ नावाच्या जहाजानं न्यूझीलंडला गेलं. अल्स्टरमधल्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातल्या लोकांना तिकडे वसवण्याची एक योजना जॉर्ज व्हेसी स्टुअर्ट नावाचा माणूस राबवत होता. काटीकाटी या ठिकाणी जमीन मिळेल, शेती होईल, बरकत येईल, असं सांगून त्यानं माणसं जमवली होती. जमीन मिळाली, पण माहितीपत्रकातली नव्हे. प्लॉटच्या जाहिराती पाहून साइटवर गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही गोष्ट वेगळी समजवायला नको.

त्या जमिनीवर घर चालेना. वडील थकलेले. शेवटी आईनं गावच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, आठवड्याला २ पौंडांवर, आणि एवढी मोठी पोरवड तिनं त्यात ओढली. १८८७ मध्ये ती कर्करोगानं गेली. डेव्ह तेव्हा १३ वर्षांचा. शाळा सोडून तो कामाला लागला आणि पुढे घर ऑकलंडला हललं. आडनावातलं एक मुकं अक्षरही न्यूझीलंडमध्येच गळालं: Gallagher चं Gallaher झालं.

तेव्हा तो कुठला म्हणायचा? रामेल्टनचे लोक त्याला आपला म्हणतात, ऑकलंडचे आपला. दोघांचंही खरं आहे, पण घडवलं त्याला काटीकाटीच्या त्या फसलेल्या शेतीनं, असं माझं मत आहे. संघासाठी सगळं आखून, मोजून, आधी ठरवून करण्याची त्याची सवय पुढे सगळ्यांना दिसली. घरात पैसा मोजून वापरावा लागतो तिथे अशी सवय लवकर लागते.

त्याच्या जन्मसालाचे दोन आकडे का दिसतात?

खरं साल १८७३, तारीख ३० ऑक्टोबर. सैन्यात नाव घालताना त्यानं १८७६ सांगितलं, म्हणजे तीन वर्षं लपवली. ते कागद पुढे पुस्तकांत उतरले आणि चूक पक्की झाली. थडग्याच्या दगडावर वय ४१ आहे. प्रत्यक्षात तो ४३ वर्षांचा होता, चव्वेचाळिसावा वाढदिवस महिन्याच्या आत आलेला. याचा दुसरा अर्थ असा, की १९०५ च्या दौऱ्यातच त्याला ३२ वर्षं पूर्ण झाली. त्या काळी एवढ्या वयापर्यंत बरेच खेळाडू बूट खुंटीला टांगून मोकळे झालेले असत.

रग्बीत तो आला कसा?

ऑकलंडमध्ये आधी पिठाच्या गिरणीत आणि मग मांस गोठवणाऱ्या कारखान्यात त्यानं काम केलं. तिथे तो मुकादम झाला. जनावरांची धुडं उचलण्याचं काम, त्यामुळे शरीर आपोआप तयार. उंची सहा फूट. १८९५ मध्ये तो पॉन्सनबी क्लबात दाखल झाला आणि दुसऱ्याच वर्षी ऑकलंडच्या प्रांतिक संघातून खेळला. मधलं दीड वर्ष मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात गेलं.

म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीच तो सैनिक होता?

होय, आणि हे बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलं जातं. १९०१ च्या जानेवारीत न्यूझीलंडच्या सहाव्या तुकडीतून तो दक्षिण आफ्रिकेला गेला, नंतर दहाव्या तुकडीत गेला, स्क्वॉड्रन सार्जंट-मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचला आणि १९०२ च्या ऑगस्टमध्ये परतला. १९१६ मध्ये पुन्हा नाव घालताना युद्ध म्हणजे काय हे त्याला नीट ठाऊक होतं. बँडच्या तालावर भरती झालेला तो कोवळा पोरगा नव्हता.

१९०५ चा दौरा एवढा का गाजला?

आकडेच पाहा. ३५ सामने, ३४ विजय, एक पराभव. गुण ९७६, विरुद्ध ५९. पहिला सामना १६ सप्टेंबरला डेव्हनशी झाला आणि न्यूझीलंडनं तो ५५-४ असा जिंकला. तारेवरून आलेला हा आकडा लंडनच्या काही छापखान्यांना चुकीचा वाटला, असं सांगतात. वसाहतीतून आलेली पोरं इंग्लंडातल्या परगण्याला इतकं कसं मारतील? मग स्कॉटलंड १२-७, आयर्लंड १५-०, इंग्लंड १५-०. आयर्लंडच्या सामन्यात गॅलहर दुखापतीमुळे बाहेर होता.

स्कॉटलंडच्या सामन्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. पाहुण्यांना ठरावीक रकमेची हमी द्यायला तिथल्या रग्बी मंडळानं नकार दिला. हवं तर तिकिटांचं उत्पन्न घ्या, म्हणाले. तोवर न्यूझीलंडची कीर्ती एवढी पसरली होती की मैदान तुडुंब भरलं आणि पाहुण्यांनी हमीच्या कितीतरी पट पैसे नेले.

जिंकण्यामागे जादू नव्हती. ब्रिटिश संघांत स्क्रमपाशी (दोन्ही संघ वाकून, खांदे भिडवून चेंडूसाठी रेटतात ती झुंज) जो आधी पोचेल तो मिळेल त्या जागी वाकायचा. न्यूझीलंडच्या प्रत्येक फॉरवर्डची, म्हणजे स्क्रममध्ये रेटणाऱ्या खेळाडूची, जागा ठरलेली होती. लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू आत फेकताना, सांकेतिक शब्द होते, पाठच्या फळीच्या चाली सरावात घोटलेल्या होत्या. सामन्याआधी तासभर प्रत्येकानं पडून राहायचं आणि आपण काय करणार याचा विचार करायचा, हा गॅलहरचा नियम. आज मोठ्या संघांबरोबर क्रीडा मानसशास्त्रज्ञ असतो. १९०५ मध्ये कारखान्यातला मुकादम हे काम करत होता, आणि खेळाडूंना रोजचा भत्ता होता ३ शिलिंग.

त्याच्या कर्णधारपदावरून संघात भांडण झालं होतं, हे खरं आहे का?

खरं आहे. ‘रिमुटाका’ जहाजावर असतानाच काही खेळाडू, विशेषतः दक्षिणेकडचे, कुरकुरायला लागले. कर्णधार संघानं निवडायचा की मंडळानं लादायचा, हा वाद होता. गॅलहरनं राजीनामा देऊ केला, उपकर्णधार बिली स्टेडनंही देऊ केला. मग मतदान झालं आणि दोघं राहिले, पण मतं एकमुखी नव्हती. नंतर हा संघ एका कुटुंबासारखा होता वगैरे लिहिलं गेलं. सुरुवात तशी झाली नव्हती. माझ्या मते यातच गॅलहरचं खरं कर्तृत्व आहे: ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांच्याकडूनही त्यानं काम करून घेतलं. त्याच्या आठवणी सांगणारे सोबती कडक शिस्तीचा उल्लेख करतात, आणि तो कोणाकडे दुजाभावानं बघत नसे हेही सांगतात.

‘विंग-फॉरवर्ड’ म्हणजे नेमकं काय? ब्रिटिश प्रेक्षक त्याच्यावर का चिडत?

आजच्या रग्बीत ही जागाच नाही, म्हणून थोडं सविस्तर. ब्रिटिश संघ स्क्रममध्ये आठ फॉरवर्ड घालत. न्यूझीलंड सात घालायचा, २-३-२ अशा रचनेत. उरलेला एक, म्हणजे विंग-फॉरवर्ड, बाहेर राही. तोच चेंडू स्क्रममध्ये टाकायचा. चेंडू झटकन मागे निघून हाफबॅककडे, म्हणजे तो उचलून पाठच्या फळीला देणाऱ्या गड्याकडे जाई, आणि हा गडी स्क्रमच्या कडेला तसाच उभा राहून प्रतिस्पर्धी हाफबॅकची वाट अडवी. लग्नात ना वराकडचा ना वधूकडचा, पण पंगतीत दाराशीच ठाण मांडून बसलेला पाहुणा असतो ना, तसा.

ब्रिटिश वृत्तपत्रांचं म्हणणं पडलं की ही सरळसरळ अडवणूक आहे, खेळ नव्हे. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. तो पायाला पॅड बांधून खेळायचा, त्यामुळे गर्दीत लगेच ओळखू यायचा आणि शिव्या अचूक पत्त्यावर पोचायच्या. नियमात बसत होतं का? त्या वेळच्या नियमांच्या काठावर होतं, एवढं म्हणता येईल. पंचागणिक निकाल बदलायचा. न्यूझीलंडनं ही पद्धत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालवली, मग पुढच्या ओळीत तीन खेळाडू सक्तीचे झाले आणि ती संपली. गॅलहर लबाड होता असं मला वाटत नाही, पण ब्रिटिशांची तक्रार निव्वळ रडीचा डाव होती असंही नाही.

कार्डिफला तो ट्राय झाला होता की नाही?

ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेवर किंवा तिच्यापलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण. या प्रश्नावर वेल्स आणि न्यूझीलंडमध्ये १२० वर्षं वाद चालू आहे. जे पक्कं आहे ते असं. १६ डिसेंबर १९०५, कार्डिफ, सुमारे ४७,००० प्रेक्षक. पाहुण्यांचा हाका, म्हणजे माओरी युद्धनृत्य, झाला. उत्तर म्हणून वेल्सचा टेडी मॉर्गन आपल्या देशाचं गीत गाऊ लागला आणि अख्खं मैदान गाऊ लागलं. आंतरराष्ट्रीय सामन्याआधी राष्ट्रगीत म्हटलं जाण्याची ही पहिली वेळ मानली जाते. वेल्सनं गॅलहरच्या पद्धतीचा नीट अभ्यास केला होता. त्यांनीही एक गडी स्क्रमबाहेर ठेवला. पंच जॉन डॅलस यांनी चेंडू आत टाकण्यावरून गॅलहरला इतक्या वेळा दंड दिला, की शेवटी त्यानं आपल्या हुकरना (स्क्रममध्ये चेंडू पायानं मागे ओढणाऱ्यांना) चेंडूसाठी झगडूच नका असं सांगितलं. म्हणजे स्वतःचं मुख्य हत्यार स्वतःच म्यान केलं. मॉर्गननं ट्राय केला आणि वेल्स ३-० पुढे गेलं.

उत्तरार्धात बॉब डीन्स रेषेपाशी पाडला गेला. त्याचं म्हणणं, चेंडू रेषेवर टेकला होता आणि मला मागे ओढलं गेलं. डॅलस मागून धावत पोचले तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. ट्राय नाही. वेल्स ३-० नं जिंकलं, दौऱ्यातला न्यूझीलंडचा तोच एक पराभव. डीन्सनं एका इंग्रजी वृत्तपत्राला तार करून आपला दावा मांडला. १९०८ मध्ये अपेंडिक्सच्या आजारानं तो गेला, अवघ्या २४ व्या वर्षी, आणि मरणाच्या दारातही त्यानं तो ट्राय झाल्याचं सांगितलं, ही कथा तेव्हापासून न्यूझीलंडभर सांगितली जाते.

आणि कर्णधार? त्या दिवशी तो वाईट खेळला, आणि पराभव त्यानं विनातक्रार मान्य केला. ट्राय झाला होता का, यापेक्षा एका संघानं गॅलहरला वाचून काढलं ही गोष्ट मला त्या सामन्यात जास्त मोठी वाटते.

‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव छपाईच्या चुकीतून आलं का?

नाही. सगळे खेळाडू बॅकसारखे, म्हणजे पाठच्या फळीतल्या चपळ गड्यांसारखे पळतात म्हणून ‘ऑल बॅक्स’ लिहिलं आणि छापताना एक अक्षर वाढलं, ही गोष्ट त्याच संघातल्या बिली वॉलेसनं सांगितली आणि ती रंगतदार असल्यामुळे टिकली. डेव्हनमधल्या स्थानिक वृत्तपत्रानं पहिल्याच सामन्यानंतर हे नाव काळ्या पोशाखाशी जोडून छापलं होतं.

दौऱ्यानंतर त्यानं काय केलं?

संघ मार्च १९०६ मध्ये ऑकलंडला परतला तेव्हा पंतप्रधान रिचर्ड सेडन स्वागताला हजर होते. गॅलहर कसोटी खेळण्यातून निवृत्त झाला. स्टेडबरोबर त्यानं न्यूझीलंडच्या खेळपद्धतीवर एक जाडजूड पुस्तक केलं. दोघांना ५०-५० पौंड मिळाले आणि लेखनाचा मोठा भाग स्टेडचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेली फ्रान्सिसशी लग्न झालं. तिचा भाऊही ऑल ब्लॅक. १९०८ मध्ये मुलगी झाली, नोरा.

१९०६ पासून दहा वर्षं तो ऑकलंडचा प्रशिक्षक होता आणि १९०७ ते १९१४ राष्ट्रीय निवड समितीवर. रॅनफर्ली शील्ड ही तिथली मानाची ढाल १९०५ ते १९१३ ऑकलंडकडेच राहिली. एकदा संघात गडी कमी पडला तेव्हा प्रशिक्षक स्वतः मैदानात उतरला.

भावाच्या मृत्यूचा सूड घ्यायला तो सैन्यात गेला, हे खरं ना?

गॅलहरबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट हीच, आणि तारखा तिला साथ देत नाहीत. त्याचा धाकटा भाऊ डग्लस ऑस्ट्रेलियाच्या अकराव्या बटालियनमध्ये होता. फ्रान्समध्ये लाव्हेंतीजवळ ३ जून १९१६ रोजी तो मारला गेला. डेव्हनं त्याआधीच, मे महिन्यात, नाव घातलं होतं. बोलावणं यायची वाट पाहत असताना बातमी आली.

मग तो गेला का? वय ४२, बायको, लहान मुलगी. सक्तीच्या भरतीचा कायदा न्यूझीलंडमध्ये ऑगस्ट १९१६ मध्ये झाला, म्हणजे तोवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. चरित्रकारांचा कल कर्तव्यभावना आणि सोबत्यांशी असलेली निष्ठा यांकडे आहे. मला ते पटतं. तो प्रशिक्षण देत असलेल्या वयाची पोरं एकामागून एक जहाजावर चढत होती. निवडकर्त्यानं कोणाला पाठवायचं ठरवायचं आणि आपण मागे राहायचं, हे त्याला पेलवलं नसावं. हा माझा अंदाज आहे, त्याला कागद नाही. पण सूडाची कथा सोपी म्हणून ती धरून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याचा मृत्यू नेमका कसा झाला?

फेब्रुवारी १९१७ मध्ये तो जहाजानं निघाला, मे महिन्यात ब्रिटनला पोचला. ऑकलंड रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये सार्जंट. बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या पूर्वेला तिसरी ईप्र लढाई चालू होती. ४ ऑक्टोबरच्या सकाळी सहाला ब्रोडसाइंडेचा हल्ला सुरू झाला, न्यूझीलंडच्या डिव्हिजनकडे ग्राव्हेनस्टाफेलचा उंचवटा होता. उंचवटा मिळाला. लष्करी हिशेबात तो यशस्वी दिवस धरतात, तरी न्यूझीलंडचे तीनशेहून अधिक सैनिक त्या दिवशी मेले. तोफगोळ्याचा एक तुकडा हेल्मेट भेदून गॅलहरच्या डोक्यात शिरला. पोपेरिंगेजवळच्या ऑस्ट्रेलियन सैनिकी रुग्णालयात त्याच दिवशी त्यानं प्राण सोडला.

आठ दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, पुढच्या उंचवट्यासाठी हल्ला झाला आणि तो फसला. चिखलात आणि काटेरी तारांत न्यूझीलंडचे आठशेहून जास्त सैनिक पडले. त्या देशाच्या इतिहासातला तो सर्वांत काळा दिवस. त्यामुळे ४ ऑक्टोबर बहुधा त्याच्या सावलीत राहतो.

बाकीच्या भावांचं काय झालं?

हेन्री ऑस्ट्रेलियाच्या ५१ व्या बटालियनमध्ये होता. एप्रिल १९१८ मध्ये फ्रान्समधल्या व्हिलेर-ब्रेतोनोला मारला गेला. म्हणजे एका घरातले तिघे. हेन्रीचा जुळा भाऊ चार्ल्स तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत गंभीर जखमी झाला, पण वाचला.

आणखी किती ऑल ब्लॅक्स त्या युद्धात गेले?

एकूण १३ जणांची नोंद आहे. अल्बर्ट डाउनिंग पहिला, ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीत. १९०५ च्या संघातला एरिक हार्पर १९१८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये. स्कॉटलंड आणि इंग्लंडचं नुकसान याहून मोठं होतं, दोघांचेही पंचवीसहून अधिक आंतरराष्ट्रीय खेळाडू गेले. इंग्लंडचा कर्णधार रोनाल्ड पोल्टन-पामर एप्रिल १९१४ मध्ये फ्रान्सविरुद्ध चार ट्राय करून परतला आणि मे १९१५ मध्ये बेल्जियममध्येच, प्लुगस्टेर्टच्या जंगलात, नेमबाजाच्या गोळीनं गेला.

याचा आपल्याकडे काही धागा लागतो का?

गॅलहरचा थेट नाही, ओढूनताणून लावायला नको. पण त्याचा भाऊ जिथे पडला त्या लाव्हेंतीपासून न्यव्ह-शापेल जवळच आहे, आणि तिथे अविभाजित भारताच्या ४,७०० हून अधिक सैनिकांचं स्मारक आहे. ईप्रच्या मेनिन गेटवरही भारतीय नावं कोरलेली आहेत. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुतच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजननं २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. गॅलहरनं नाव घातलं ते त्यानंतर काही आठवड्यांतच. सातारा आणि रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. तिच्यावर आकडा असतो, नावं नसतात. गॅलहरला पुतळा मिळाला तो खेळामुळे, हे अशा पाटीपुढे उभं राहिलं की लख्ख कळतं.

त्याची स्मारकं कुठे आहेत?

ऑकलंडच्या क्लब रग्बीत १९२२ पासून गॅलहर शील्ड खेळली जाते. तिथल्याच ईडन पार्क स्टेडियमबाहेर २०११ पासून ब्राँझचा पुतळा आहे. आयर्लंडमध्ये लेटरकेनी क्लबाच्या मैदानाला २००५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. फ्रान्सबरोबरचा चषक नोव्हेंबर २००० पासूनचा. फ्रान्सच का, तर त्या देशाची पहिलीवहिली कसोटी १ जानेवारी १९०६ रोजी पॅरिसमध्ये याच संघाशी झाली होती. गॅलहर कर्णधार, निकाल ३८-८.

थडगं बघायला जायचं असेल तर?

ईप्रहून पोपेरिंगेला रेल्वे जाते, तेच शेवटचं स्टेशन. तिथून पश्चिमेला, गावाबाहेर ‘नाइन एल्म्स’ नावाचं ब्रिटिश सैनिकी कबरस्तान आहे. दीड हजारांहून अधिक थडगी, सगळी एकाच मापाची, त्यामुळे नुसतं फिरून सापडेल या भरवशावर जाऊ नका. विभाग ३, ओळ डी, थडगं ८. न्यूझीलंडच्या बाकी सैनिकांसारखंच दगडावर नेच्याचं पान आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधताना आडनाव न्यूझीलंडच्या पद्धतीनं लिहा, आयरिश पद्धतीनं नको. हुद्दा सार्जंट दिसेल, वय ४१.